पाच मुठी ज्वारी

नाशकात राहून अस्थी विसर्जनासाठी प्रकाशाला जायचं, हे ऐकल्यावर शेजारच्या काकूंनी कपाळालाच हात लावला. "अगं, रामकुंड घरापासून दहा मिनिटांवर! सगळा देश इथं येतो, आणि तुम्ही निघालात खानदेशात?" पण मामंजींनी शेवटच्या आजारात दोनदा बजावून ठेवलं होतं. त्यांचा जन्म तिकडचा. गंगेत न्हावं लागतं, नर्मदेचं दर्शन घ्यावं लागतं, तापीची मात्र नुसती आठवण काढली तरी पुण्य लागतं, असं तिकडे म्हणतात. "मी चाळीस वर्षं आठवणच काढली, आता प्रत्यक्ष सोडा," असं ते हसून म्हणाले होते. तेव्हा जाणं भाग होतं.

खरं सांगू का? मला जायचं नव्हतं. मला तेव्हा कुठंच जायचं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी सातव्या महिन्यात माझी मुलगी पोटातच गेली. दवाखान्यात नर्सनं पांढऱ्या कापडात गुंडाळून तिला बाहेर नेलं, ती कोण कुठं घेऊन गेलं ते मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्यानंतर घरात तो विषय निघाला नाही. सगळे चांगले वागले. जरा जास्तच चांगले. मी सकाळचे तीन तास शाळेत इतिहास-भूगोल शिकवून यायची, स्वयंपाक करायची, थोरल्या मुलाचा अभ्यास घ्यायची, आणि रात्री दोन वाजता टक्क जागी असायची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, त्यांनी झोप यायची, पण सकाळी उठल्यावर वाटायचं की मी अजून आलेलीच नाही, नुसतं अंग उठून बसलंय.

फाल्गुन लागला होता. धुळं, दोंडाईचा करत सारंगखेड्याला तापी ओलांडली आणि शहाद्याहून प्रकाशाला आलो. (आगगाडीनं यायचं तर सुरत-भुसावळ मार्गावर नंदुरबारला उतरून शहाद्याकडे जाणारी एस.टी. धरावी. वाटेतच प्रकाशा लागतं.) रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, केळी, पपईच्या बागा. आम्ही नाशिककर द्राक्षांचा तोरा मिरवतो, पण पपईची ती फळांनी लगडलेली बुटकी झाडं पाहून मुलगा खिडकीतून हटायला तयार नव्हता.

प्रकाशाला लोक दक्षिण काशी म्हणतात. तापीला इथं गोमाई येऊन मिळते. पुलिंदा नावाची तिसरी नदीही या संगमात धरतात. काशीयात्रा केली तरी प्रकाशाला आल्याशिवाय ती पुरी होत नाही, अशी इथल्यांची श्रद्धा. केदारेश्वराचं जुनं दगडी देऊळ, समोर उंच दीपमाळ, जवळच संगमेश्वर. पुष्पदंतेश्वराचंही देऊळ आहे, शिवमहिम्न स्तोत्र रचणाऱ्या पुष्पदंताच्या नावाचं. गौतमेश्वराची यात्रा बारा वर्षांतून एकदा, गुरू सिंहेत आला की भरते. म्हणजे आमच्या नाशिकसारखाच इथंही सिंहस्थ! ही गोष्ट नाशकात पंधरा वर्षं राहून मला ठाऊक नव्हती. आणि इतिहासाची बाई म्हणून आणखी एक सांगते: १९५४-५५ साली पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी इथल्या पांढरीच्या टेकाडात खोदकाम केलं, तेव्हा खाली ताम्रपाषाण युगातल्या वस्तीची रंगवलेली मडकी सापडली. साडेतीन हजार वर्षांपूर्वीही बायका याच संगमावरून पाणी भरत होत्या म्हणायच्या.

बॅरेजमुळे तापीचं पाणी आता अडून राहतं, घाटाशी संथ असतं. गुरुजींनी विधी यथासांग केला. पिंड, तीळ, दर्भ, मामंजींचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, आजोबांचं नाव. ह्यांनी ओंजळीतून अस्थी सोडल्या. सगळे रडले, मी रडले नाही. मनात एकच चाललं होतं: ऐंशी वर्षं जगलेल्या माणसाला निरोप द्यायला केवढी नावं, केवढे मंत्र! आणि तिला काहीच नाही. आपल्याकडे जन्मालाच न आलेल्या मुलाचं श्राद्ध नसतं, तर्पण नसतं.

मुक्काम ह्यांच्या आत्यांकडे होता. आत्याबाई सत्तरी उलटलेल्या, एकट्या राहतात, शेती स्वतः पाहतात. कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत पुढ्यात ठेवून त्या माझ्याकडे बघत बसल्या. मी दोन घास खाऊन ताट सरकवलं. "हिचा जीव थाऱ्यावर नाही," असं त्या ह्यांना माझ्यादेखतच म्हणाल्या. हे म्हणाले, "प्रवासानं दमलीय." आत्याबाईंनी नुसतं "हं" केलं.

आत्याबाईंच्या शेतावर वर्षानुवर्षं कामाला येणारी एक भिल्ल बाई आहे. नाव लिहू नका म्हणाली म्हणून लिहीत नाही, आम्ही मावशीच म्हणायचो. पंधरा दिवसांपूर्वीच ती महाशिवरात्रीला देवमोगऱ्याच्या जत्रेला जाऊन आली होती. देवमोगरा सीमेपलीकडे, गुजरातेतल्या सागबारा तालुक्यात. तिथं याहा मोगी असते. याहा म्हणजे आई. मोठ्या दुष्काळात जिनं माणसांना आणि गुराढोरांना जगवलं ती आई. सातपुड्यातले लोक नव्या टोपलीत धान्य घेऊन तिच्या पायाशी जातात. मावशीनं त्या टोपलीतल्या दाण्यांतली चिमूटभर ज्वारी आत्याबाईंच्या कणगीत टाकली होती, आणि आत्याबाईंनी ती टाकू दिली होती. आत्याबाई तशा कर्मठ, सोवळ्यातल्या! मला गंमत वाटली.

दुसऱ्या दिवशी हे गावातल्या नातेवाइकांना भेटायला गेल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "हिच्याबरोबर जाऊन ये. तळोद्याच्या पुढं एक बडवा आहे." बडवा म्हटल्यावर मला पंढरपूरच आठवलं. पण इकडे भिल्लांच्यात बडवा म्हणजे पाहणारा, औषधपाणी करणारा, देवाशी बोलणारा माणूस. मी बी.ए. झालेली, शाळेत मुलांना अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावणारी. मी गेले कशी, याचं उत्तर माझ्याजवळ नाही. 'नको' म्हणायलाही जोर लागतो, तो नव्हता, एवढंच.

जीपमध्ये आम्ही सोळा-सतरा माणसं. समोर सातपुड्याची निळी भिंत. तळोदा तालुक्यातून जाताना मावशीनं एका बाजूला हात जोडले. तिकडे मोरवड. तिथं गुलाम महाराज होऊन गेले, १९३८ साली वारले. दर सोमवारी आरती, रोज आंघोळ, दारू सोडायची, आणि एकमेकांना 'आप' म्हणायचं. त्यांच्या पंथाचं नावच 'आप' पडलं. जरा विचार करा, ज्यांना सावकारापासून शिपायापर्यंत सगळे 'ए, अरे' करत, त्यांनी एकमेकांना 'आप' म्हणायचं! मावशीचं माहेर त्या पंथाचं. म्हणूनच ती माझ्या सात वर्षांच्या मुलालाही 'आप' म्हणते, आणि तो लाजून आत पळतो. पुढं १९७२-७३च्या सुमाराला शहादा तालुक्यातल्या आदिवासी बायकांनी मोर्चे काढून दारूची मडकी फोडली, तेही याच मुलखात. उठून बसायचं ठरवलं की कसं उठावं, हे या बायकांना कुणी शिकवायला नको.

पाडा टेकडीच्या उतारावर होता. कुडाची घरं, शेणानं सारवलेली अंगणं, मोहाच्या झाडाखाली टपटपलेली पिवळट फुलं. एका घरासमोर एक तरुण भुईवर आडवा पडला होता, शेजारी खाट रिकामी. मावशीनं सांगितलं, तो होळीत बुध्या होणार आहे. मागच्या वर्षी मरणाच्या दुखण्यातून उठला, तेव्हा घरच्यांनी नवस बोलला. आता पाळणी आहे. खाटेवर झोपायचं नाही, बायकोच्या हातचं खायचं नाही. होळीच्या रात्री अंगावर पांढरे ठिपके काढून, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप घालून, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरं बांधून तो नाचणार. काठीची होळी इकडे सर्वांत मोठी. तिथं उंच बांबू उभा करतात आणि पहाटे होळी पेटते. ती पेटली, फेर धरून झाले, पाळणी सुटली, की माणूस पुन्हा घरचा. मी त्या पोराकडे बघत राहिले. एखादा माणूस मरणाच्या दारातून परत आलाय हे सगळ्या गावाला दिसावं, अशी सोय या लोकांनी करून ठेवलीय. मी आले तेव्हा मला रिक्षातून घरी आणलं होतं, आणि शेजारी कुणी बघणार नाही अशा वेळी.

बडवा म्हातारा, कृश, डोक्याला पांढरं फडकं. ओसरीत दिवा लावलेला होता. त्यानं मला समोर बसवलं, घोटभर मोहाची दारू द्रोणात घेऊन देवांच्या नावानं भुईवर धार सोडली. याहा मोगी, राजा पांथा, एवढी दोन नावं मला कळली. मग मूठभर ज्वारी माझ्या डोक्यावरून उतरवली आणि सुपात टाकली. सुपातून चिमटीनं थोडे दाणे उचलायचे, जोड्या लावायच्या, सम की विषम ते बघायचं, की एक प्रश्न. पुन्हा दाणे, पुन्हा जोड्या, पुन्हा प्रश्न. घाई अजिबात नाही.

झोप कधीपासून गेली? जेवताना घास कुठं अडतो? घरात कोण कोण आहे? घरातलं कोण मातीत आहे? मावशी मधे बसून त्याचं बोलणं मला मराठीत सांगत होती. मी म्हटलं, "सासरे गेले, पण त्यांना अग्नी दिला." त्यानं दाणे मोजले, मान हलवली. "ते गेले, नीट गेले. दुसरं कोण?"

मैत्रिणींनो, त्याला दाण्यांत दिसलं असं मी म्हणणार नाही. पस्तिशीची बाई झोपत नाही, जेवत नाही, बरोबर नवरा नाही, तिला काय झालेलं असू शकतं हे इतकी वर्षं माणसं पाहणाऱ्याला दाण्यांशिवायही कळत असेल. पण त्यानं विचारलं. तीन वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. आणि मी सांगितलं. सगळं. पांढरं कापड, नर्स, बंद झालेलं दार. मावशीनं त्यातलं किती त्याला सांगितलं देव जाणे, कारण तीही रडत होती.

तो म्हणाला, "तिचं नाव?"

मी म्हटलं, "नाव ठेवलंच नाही."

"मग हाक कशी मारायची? ती तिथंच उभी, तूही तिथंच उभी."

मला एकेरीत बोलला, पण आईनं बोलावं तसं. बराच वेळ गेला. ओसरीबाहेर कोंबड्या दाणे टिपत होत्या. मग मी एक नाव सांगितलं. माझ्या मनात ते होतंच, हे मलाही तेव्हाच कळलं. त्यानं कडुलिंबाचा डहाळा माझ्या डोक्यापासून पायापर्यंत तीनदा फिरवला आणि दाराकडे तोंड करून आधी तिचं नाव घेतलं, मग माझं. तिचं हळू, माझं मोठ्यानं.

औषध म्हणून सांगितलं ते इतकंच: दोन नद्या मिळतात तिथं पाच मुठी ज्वारी तिच्या नावानं सोडायची. पाच दिवस एकटीनं जेवायचं नाही, माणसांत बसून जेवायचं. रोज कुणाकडून तरी डोक्याला तेल घालून घ्यायचं, आपल्या हातानं नाही. मी गोळ्यांचं विचारलं तर म्हणाला, "डॉक्टरची गोळी डॉक्टरला विचार. ते माझं काम नाही." दक्षिणा म्हणून नारळ आणि मूठभर तांदूळ. पैसे मी पुढं केले, ते त्यानं परत मावशीच्या हातात दिले.

परतताना मी एकदम मोकळी झाले होते. तोंडानं बोलत सुटले: किती शहाणा माणूस, आमच्याकडे शिकलेल्यांना एवढी समज नाही! मावशी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "हा नाव घेत नाही, म्हणून आपको इथं आणलं. सगळे असे नसतात."

तिची थोरली बहीण डोंगरातल्या एका गावात दिली होती. नवरा लवकर गेला, नावावर थोडी जमीन राहिली. दिराचं पोर तापानं गेलं. बडवा बोलावला, दुसरा. त्यानंही सुपात दाणे टाकले, जोड्या लावल्या आणि विचारलं, कोण? दाण्यांनी बहिणीचं नाव सांगितलं. डाकण. त्या रात्री तिला मारलं, केस कापले, ती अंगावरच्या लुगड्यानिशी माहेरी आली. जमीन दिराकडे गेली. बहीण पुढं पाच वर्षं जगली, पण अंगणाबाहेर पाय टाकला नाही. "तेच दाणे, बाई," मावशी म्हणाली. "ज्वारीचेच."

जीप खड्ड्यांतून हिसके देत चालली होती आणि मला काय बोलावं सुचेना. मी ज्या सुपाकडे एवढ्या विश्वासानं पाहिलं होतं, तसल्याच सुपानं एक बाई जिवंतपणी संपवली होती. आता कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर त्यासाठी वर्षानुवर्षं झगडले, ऑगस्ट २०१३मध्ये पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. एखाद्या बाईला करणी करणारी ठरवणं, तिला छळणं हा त्यात गुन्हा आहे. पण मावशीच्या बहिणीला तोवर उशीर झाला होता. आणि मारणाऱ्याला देवाचं नाव हवं होतं का जमीन, हा प्रश्न कायद्याच्या आधी गावानं विचारायला हवा होता. जिथं बाईच्या नावावर काही नसतं, तिथं दाण्यांना तिचं नाव सापडतं का, हे कुणीतरी मोजून बघायला हवं.

घरी ह्यांना सांगितलं तेव्हा अपेक्षेप्रमाणे भडकले. "तू? बडव्याकडे?" मी म्हटलं, "तुम्ही सांगा, तुम्ही मला कधी विचारलंत?" ते गप्प झाले. आत्याबाई तेलाची वाटी घेऊन माझ्या मागे येऊन बसल्या होत्या. "पुढं वाक व माय," एवढंच म्हणाल्या. त्यांच्या बोटांना वाताची गाठ आहे, तरी पाच दिवस त्यांनी माझ्या टाळूवर तेल जिरवलं. आमचा मुक्काम दोन दिवसांचा होता, तो वाढला. ह्यांनी रजा वाढवून घेतली. जेवायला रोज ओट्यावर पंगत: आत्याबाई, मावशी, शेतावरची आणखी दोघीजणी, मुलगा, हे आणि मी. शेवभाजी इतकी तिखट, की रडायला वेगळं कारण लागत नव्हतं.

परत आल्यावर भूगोलाच्या तासासाठी दक्षिण अमेरिकेबद्दल वाचत होते. पेरू देशात आंदीज पर्वतात केचुआ भाषा बोलणारे लोक राहतात. त्यांच्यातला जाणता, त्याला 'पाको' म्हणतात, कापडावर कोकाची पानं टाकून ती कशी पडली ते पाहतो. माणसाला धसका बसला की त्याचा जीव अंगातून निसटून त्या जागीच राहतो, अशी त्यांची समजूत. मग त्याचा एखादा कपडा हातात धरून नावानं हाक मारतात, ये, परत ये. मी पुस्तक मिटून बसले. हिचा जीव थाऱ्यावर नाही, असं आत्याबाई म्हणाल्या होत्या ना, तेच! कुस्को शहरात आता परदेशी श्रीमंत लोक बरेच पैसे मोजून अशा जाणत्यांकडे 'नवं होऊन' यायला जातात म्हणे. मला तर नारळ आणि मूठभर तांदूळ पुरले. पण तिथंही सुपाची दुसरी बाजू असेल का, तिथल्या एखाद्या बाईला विचारावंसं वाटलं.

ज्वारी सोडली ती पाचव्या दिवशी सकाळी. पिशवी घेऊन मी एकटीच निघाले होते, पण घाटाच्या पायऱ्यांवर पाहिलं तर हे मागून येत होते. आदल्या दिवशीचेच गुरुजी तिथं होते. विचारलं, "काय विधी आहे?" मी म्हटलं, "विधी नाही." त्यांनी आणखी काही विचारलं नाही, उलट पायरीवरचं आपलं सामान जरा बाजूला घेतलं.

पहिल्या मुठीला पाण्यात छोटे मासे धावून आले. दुसरी, तिसरी, चौथी. पाचवी मूठ मी पिशवीतून काढली तेव्हा ह्यांनी हात पुढे केला. मी त्यांच्या ओंजळीत ती ओतली. पाण्याकडे बघतच त्यांनी विचारलं, "नाव काय ठेवलंस?"

मी सांगितलं.

त्यांनी ते एकदा म्हणून पाहिलं आणि ओंजळ उघडली.

दुपारच्या गाडीला बसलो तेव्हा आत्याबाईंनी चांगली दोन किलो नंदुरबारी मिरची बांधून दिली होती. पुडी वाटेत कुठंतरी फुटली आणि धुळ्यापर्यंत साऱ्या एस.टी.ला ठसका लागला. कंडक्टर ओरडला, "ताई, ही काय भेट घेऊन निघालात!" मी हसले. मुलगा माझ्याकडे बघतच राहिला.